सेव्ह फाइलमध्ये नेमकं काय जातं?

स्टारड्यू व्हॅली या गेममध्ये ‘सेव्ह’ नावाचं बटणच नाही. दिवसभर शेतात राबा, मासे पकडा, खाणीत उतरा. पण केलेलं जपून ठेवायचं असेल तर घरी येऊन पलंगावर झोपावं लागतं. झोपलात की दिवस संपतो आणि तेव्हाच फाइल लिहिली जाते. मध्येच घरची वीज गेली, तर गेममधला तो अख्खा दिवस गेला. द सिम्समध्ये याच्या उलट. तिथला माणूस ओट्याशी उभा राहून स्वयंपाक करत असतानाही सेव्ह करता येतं. आणि ॲनिमल क्रॉसिंगच्या जुन्या आवृत्त्यांमध्ये सेव्ह न करता मशीन बंद केलंत, तर पुढच्या वेळी जमिनीतून रिसेटी नावाचा एक चिडका मोल बाहेर येतो आणि तुम्हाला चांगलं सुनावतो.

हे तिन्ही लाइफ सिम्युलेशन प्रकारचे गेम. जिंकणं-हरणं फारसं नसतं. एक छोटं जग असतं, त्यात माणसं, घरं, झाडं, नाती असतात, आणि ते जग आपल्या नियमांनी पुढे सरकत राहतं. मग सेव्ह करण्याचे नियम इतके वेगळे का? कारण प्रत्येक गेमने एकाच प्रश्नाचं वेगळं उत्तर दिलंय: हे जग उद्या इथूनच पुढे सुरू करायचं असेल, तर आज काय काय लिहून ठेवावं लागेल?

हा प्रश्न तुमच्याही वाट्याला येणार आहे. क्लस्टरवर प्रत्येक जॉबला ठरावीक तासांची मुदत असते. मुदत संपली की जॉब बंद पाडला जातो, मग काम कितीही अर्धवट असो. पंधरा दिवस चालणारं सिम्युलेशन तीन-तीन दिवसांच्या तुकड्यांत चालवायचं, तर प्रत्येक तुकड्याच्या शेवटी सेव्ह आणि पुढच्याच्या सुरुवातीला लोड करावंच लागतं. याला आम्ही चेकपॉइंट म्हणतो. पेपरमध्ये त्यावर बहुतेक वेळा एक ओळही नसते, पण निकाल भरवशाचा आहे की नाही हे काही वेळा तिथंच ठरतं. गेमच्या उदाहरणांनी ते लवकर समजतं, म्हणून आज गेम.

फोटो पुरत नाही

सेव्ह फाइल म्हणजे त्या क्षणाचा फोटो, असं आपण सहज समजतो. झुलत्या लंबकाचा फोटो काढून बघा. लंबक कुठे आहे ते दिसेल. कुठल्या दिशेने आणि किती वेगाने चाललाय ते दिसणार नाही. त्या फोटोवरून पुढचा क्षण काढता येत नाही. स्थान आणि वेग दोन्ही हवेत. ते दोन आकडे आणि लंबकाचे नियम एवढं हातात असलं, की तो काल काय करत होता हे माहीत असण्याची गरज उरत नाही. भौतिकशास्त्रात ‘अवस्था’ म्हणतात ती हीच: भविष्य काढायला पुरेल एवढी माहिती. सेव्ह फाइलमध्ये अवस्था जायला हवी.

आता गेमकडे या. चालू गेमच्या मेमरीत कितीतरी गोष्टी असतात ज्या अवस्थेचा भाग नाहीत. चित्रं आणि संगीत गेमच्या मूळ फाइल्समध्ये आहेतच, ती पुन्हा लिहायची गरज नाही. घराची सावली कुठे पडते हे वेळेवरून काढता येतं. उलट काही गोष्टी पडद्यावर कुठेच दिसत नाहीत आणि तरी त्या लिहाव्याच लागतात: स्टारड्यूमध्ये गावकऱ्याशी मैत्रीचे गुण किती झालेत, लोणच्याच्या बरणीला तयार व्हायला अजून किती मिनिटं आहेत, उद्या पाऊस आहे का.

आणखी एक तांत्रिक अडचण असते. मेमरीत एक वस्तू दुसरीकडे बोट दाखवते ते पत्त्याच्या रूपात, ‘अमुक जागी जी वस्तू आहे ती माझी मालकीण’ असं. गेम बंद झाला की ते पत्ते बाद होतात. उद्या तीच वस्तू मेमरीत भलतीकडे असेल. म्हणून सेव्ह करताना प्रत्येक वस्तूला क्रमांक द्यायचा, पत्त्यांच्या जागी क्रमांक लिहायचे, आणि लोड करताना क्रमांकांवरून पुन्हा धागे जोडायचे. याला सीरियलायझेशन म्हणतात. हे धागे तुटले की काय होतं ते पुढे सिम्सच्या निमित्ताने येईलच.

अवस्था अपुरी लिहिली तर काय होतं याचा विज्ञानातला सगळ्यात प्रसिद्ध दाखला १९६१ चा आहे. एडवर्ड लॉरेन्झ एमआयटीमध्ये रॉयल मॅकबी एलजीपी-३० या संगणकावर हवामानाचं एक छोटं, बारा चलांचं मॉडेल चालवत होते. एक भाग पुन्हा बघायचा म्हणून त्यांनी आधीच्या छापील कागदावरचे आकडे मधूनच टाइप करून गणित परत सुरू केलं आणि कॉफी प्यायला गेले. परत येऊन बघतात तर नवं हवामान जुन्याशी जुळेना. आधी त्यांना वाटलं, मशीनमधली एखादी व्हॅक्यूम ट्यूब गेली असेल. खरं कारण वेगळं होतं. मशीनच्या आत ०.५०६१२७ होतं आणि कागदावर छापलं होतं ०.५०६. छापील कागद ही त्यांची सेव्ह फाइल होती आणि तिच्यात अर्धीच अवस्था होती. त्या फरकातून पुढे केऑस सिद्धांताचा केवढा पसारा उभा राहिला ते तुम्हाला माहीत असेलच.

गोष्ट जुनी वाटते, पण सापळा अजून तसाच आहे. रेणूंच्या सिम्युलेशनसाठी वापरलं जाणारं ग्रोमॅक्स घ्या. त्याची जीआरओ फाइल वाचायला सोपी असते, पण तिच्यात नेहमीच्या रचनेत स्थानं दशांश चिन्हानंतर तीनच अंकांपर्यंत असतात. सीपीटी ही चेकपॉइंट फाइल उघडून वाचता येत नाही, पण तिच्यात आकडे पूर्ण अचूकतेने असतात. तुटलेलं सिम्युलेशन नेमकं तिथूनच पुढे न्यायचं असेल तर दुसरी फाइल लागते. पहिली घेतलीत तरी प्रोग्राम तक्रार करणार नाही, मुकाट चालेल.

झोपल्यावरच सेव्ह का?

स्टारड्यू व्हॅली २०१६ च्या फेब्रुवारीत आला, आणि एरिक बॅरोन या एकाच माणसाने तो बनवला. प्रोग्रामिंग, चित्रं, संगीत, सगळं त्याचंच. एकट्या माणसाला परवडेल असं डिझाइन म्हणून त्याच्या सेव्हकडे बघा.

गेममधला दिवस सकाळी सहाला सुरू होतो आणि उशिरात उशिरा रात्री दोनला संपतो. दिवसाच्या मध्यावर जगात गोंधळ चालू असतो. कोणी गावकरी दुकानाच्या वाटेवर अर्ध्यात आहे, खाणीत राक्षस तुमच्या मागे धावताहेत, गळाला मासा लागलाय, कोणाशी तरी संभाषण चालू आहे. हे सगळं लिहून ठेवायचं आणि तंतोतंत परत उभं करायचं म्हणजे मोठं काम. सकाळी सहाला मात्र चित्र अगदी शांत असतं. तुम्ही पलंगावर, गावकरी आपापल्या घरी, खाणीत कोणीच नाही. कोण कधी कुठे जाईल हे ऋतू, वार, हवामान, मैत्री अशा गोष्टींवरून नव्याने काढता येतं, त्यामुळे कोण रस्त्यात कुठवर पोचलंय हे लिहायचा प्रश्नच येत नाही. पिकं रात्रीतच एक दिवसाने मोठी करून टाकलेली असतात.

थोडक्यात, अवस्था जेव्हा सगळ्यात लहान असते तो क्षण शोधून तिथंच सेव्ह ठेवलंय. मला हे फार आवडतं, कारण खेळणाऱ्याला ती अडचण वाटतच नाही. ‘चला, झोपू या’ असंच वाटतं. मोबाइलवर मात्र हे चालण्यासारखं नव्हतं. फोन कधीही वाजतो, गेम कधीही मागे ढकलला जातो. म्हणून मोबाइल आवृत्तीत दिवसाच्या मध्येही परत येण्याची वेगळी सोय द्यावी लागली.

आपल्या कोडमध्येही असा क्षण असतो. प्रत्येक टप्प्यावर आधी बलं काढली जातात, मग वेग बदलतात, मग स्थानं. बलं अर्धी काढून झालीत आणि अर्धी बाकी आहेत अशा वेळी फाइल लिहिलीत, तर ती अर्धी बलंही लिहावी लागतील. टप्पा पूर्ण झाल्यावर लिहिलंत तर लिहायचं बरंच कमी होतं. आपला कोड वाचताना ‘यातली सकाळी सहाची वेळ कुठली?’ असं विचारून बघा.

स्टारड्यूची सेव्ह फाइल एक्सएमएल स्वरूपात असते, म्हणजे साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडून वाचता येते. गेम तुमच्याकडे असेल तर ती फाइल जरूर उघडा, अर्थात आधी प्रत काढून. एका छोट्या जगाची पूर्ण यादी म्हणजे काय ते समोर दिसतं: प्रत्येक झाड, प्रत्येक कुंपण, प्रत्येक गाय.

नशीब कुठे ठेवायचं?

आता खरी गंमत. स्टारड्यूमध्ये जिओड नावाचे दगड मिळतात. लोहाराकडे नेऊन फोडले की आत काय निघेल ते नशिबावर. समजा भंगार निघालं. तुम्ही गेम बंद केला, सकाळची सेव्ह लोड केली आणि तोच दगड परत फोडला. पुन्हा तेच भंगार. कितीही वेळा करा, तेच.

असं होतं कारण संगणकाचं ‘रँडम’ हे सूत्राने काढलेलं असतं. एक सुरुवातीचा आकडा द्यायचा, त्याला सीड म्हणतात, आणि त्यातून आकड्यांची एक साखळी निघते. सीड तोच तर साखळी तीच. स्टारड्यूमध्ये प्रत्येक नव्या शेताला एक क्रमांक मिळतो आणि तो सेव्हमध्ये कायम राहतो. जिओडमधून काय निघणार हे तो क्रमांक आणि आतापर्यंत किती जिओड फोडले ही संख्या, एवढ्यावरून ठरतं. दोन्ही गोष्टी फाइलमध्ये आहेत, म्हणजे एका अर्थी तुमचा शंभरावा जिओड पहिल्याच दिवशी ठरून गेलेला असतो. सेव्ह फाइल वाचून पुढचे जिओड, फिरत्या गाडीवरचा माल वगैरे सांगणारी साधनं लोकांनी बनवलीत, ती चालतात ती याच कारणाने.

दुसऱ्या दिवसाचं नशीब मात्र जरा खट्याळ पद्धतीने ठरतं. त्याच्या सीडमध्ये शेताचा क्रमांक आणि किती दिवस झाले हे तर असतंच, शिवाय तुम्ही आतापर्यंत एकूण किती पावलं चाललात ती संख्याही मिसळलेली असते. पावलांचा आणि नशिबाचा काय संबंध? काहीच नाही. पण तोच दिवस पुन्हा खेळताना एखादं पाऊल जास्त टाकलंत तरी उद्याचं नशीब बदलतं. गेम भराभर संपवण्याची शर्यत लावणारे लोक चक्क पावलं मोजत चालतात.

इथं दोन वेगळ्या पद्धती आहेत, त्या नीट समजून घ्या. पहिली: रँडम आकड्यांचं यंत्र सतत चालू ठेवायचं आणि सेव्ह करताना त्याची आतली अवस्था लिहायची. पायथॉनच्या नेहमीच्या रँडममध्ये मर्सेन ट्विस्टर नावाची पद्धत आहे. तिच्या आत ३२ बिटांचे ६२४ आकडे असतात आणि साखळीत आपण कुठे आहोत याची खूण असते. हे सगळं वाचून-लिहायची सोय पायथॉनमध्ये आहे. दुसरी पद्धत स्टारड्यूची: यंत्राची अवस्था लिहायचीच नाही, गरज पडेल तेव्हा, फाइलमध्ये असलेल्याच आकड्यांपासून नवा सीड बनवायचा.

संशोधनात नवखी मंडळी बहुतेक वेळा तिसरंच काहीतरी करतात. स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत सीड ४२ लिहितात आणि चेकपॉइंटमध्ये रँडमविषयी काहीच ठेवत नाहीत. मग जॉब परत सुरू झाला की पहिली ओळ पुन्हा चालते आणि साखळी पुन्हा आरंभापासून सुरू होते. दहा वेळा रीस्टार्ट, म्हणजे दहा वेळा तेच ‘रँडम’ आकडे. मॉन्टे कार्लो पद्धतीत आपण नमुने एकमेकांपासून स्वतंत्र आहेत असं गृहीत धरतो. इथं ते गृहीतकच कोसळतं, आणि आलेख मात्र अगदी छान दिसतो. त्रुटीपट्टी उलट लहानच येते.

सीड लिहून ठेवला म्हणजे काम झालं असंही समजू नका. २०२४ मध्ये स्टारड्यूची १.६ आवृत्ती आली तेव्हा सीडपासून आकडे बनवण्याची पद्धत बदलली. तोच शेत-क्रमांक, पण नशीब वेगळं. म्हणून गेममध्ये जुनी रँडम पद्धत वापरण्याचा पर्याय ठेवला गेला. नमपायमध्ये अगदी हेच झालंय. २०१९ च्या १.१७ आवृत्तीपासून नवं रँडम यंत्र आलं आणि जुनं, जुन्या साखळ्या तशाच मिळाव्यात म्हणून, गोठवून ठेवलं गेलं. नव्या यंत्रातून पुढच्या आवृत्त्यांतही तीच साखळी मिळेल अशी हमी दिलेली नाही. तेव्हा वहीत सीडच्या शेजारी आवृत्तीही लिहा.

कधीही सेव्ह करण्याची किंमत

द सिम्स हा मॅक्सिसचा, विल राइट यांचा गेम, २००० सालचा. यात भूक, झोप, स्वच्छता, करमणूक अशा आठ गरजा सतत घटत असतात, आणि त्या भागवण्याचं ज्ञान माणसाच्या डोक्यात नसून वस्तूंमध्ये असतं. फ्रिज स्वतःच जाहीर करतो की ‘माझ्याकडे या, भूक भागेल’, आणि जवळ आलेल्या माणसाने पुढे काय करायचं याचा प्रोग्रामही फ्रिजच्याच फाइलमध्ये असतो. हे प्रोग्राम सिमॲन्टिक्स नावाच्या खास भाषेत लिहिलेले आहेत.

मग स्वयंपाक चालू असताना सेव्ह केलं तर काय लिहावं लागेल? माणूस ओट्याशी आहे एवढं पुरणार नाही. तो कुठल्या वस्तूचा कुठला प्रोग्राम चालवतोय, त्यातली कितवी पायरी चालू आहे, ती संपली की कुठल्या मूळ कामाकडे परतायचं आहे, हातातलं ताट नेमकं कोणतं, आणि त्याच्यामागे रांगेत आणखी कोणती कामं उभी आहेत. म्हणजे जगाच्या अवस्थेबरोबर चालू प्रोग्रामचीही अवस्था. खेळणाऱ्याला मिळालेलं स्वातंत्र्य फाइलच्या गुंतागुंतीतून वसूल होतं.

धाग्यांचा मुद्दा इथं परत येतो. सिम्स २ मध्ये माणसांच्या आठवणी असतात, नातेसंबंध असतात, वंशावळ असते, आणि या सगळ्यांत दुसऱ्या माणसांचे संदर्भ असतात. खेळाडूंमध्ये एक पक्का नियम आहे: मेलेल्या माणसाची समाधी डिलीट करायची नाही. कारण समाधी गेली की त्या माणसाची नोंद बिघडू शकते, पण इतरांच्या आठवणींतले संदर्भ तसेच राहतात, कुणाकडेच न पोचणारे. लगेच काही होत नाही. बऱ्याच खेळानंतर, कधीतरी, अख्खं गाव बिघडतं. तोवर कारण काय होतं हे कोणालाच आठवत नाही.

जग किती मोठं ठेवायचं याचीही किंमत आहे. पहिल्या दोन सिम्समध्ये तुम्ही ज्या घरात खेळताय तेवढंच घर चालू असतं. शेजारच्या घरात वेळ जणू थांबलेली असते. २००९ च्या सिम्स ३ मध्ये पूर्ण गाव एकाच वेळी जिवंत ठेवलं. अनुभव म्हणून ते जबरदस्त होतं, पण सेव्हही तेवढीच मोठी झाली आणि ३२ बिटांच्या प्रोग्रामला मेमरी अपुरी पडू लागली. सेव्ह करताना येणारी ‘एरर १२’ जुन्या खेळाडूंना अजून आठवते: तासन्‌तास खेळून झालं, आणि ते लिहून ठेवायलाच जागा नाही.

मधला वेळ

आतापर्यंत आपण धरून चाललोय की सेव्ह आणि लोड यांच्या मधल्या काळात काहीच घडत नाही. ॲनिमल क्रॉसिंग हे मानत नाही. निन्टेन्डो ६४ वर २००१ मध्ये जपानात आलेल्या पहिल्या आवृत्तीपासून तो खऱ्या घड्याळावर चालतो. त्या कार्ट्रिजमध्येच घड्याळ बसवलेलं होतं. तुम्ही महिनाभर आला नाहीत तर गावात तण वाढलेलं असतं आणि शेजारी ‘होतात कुठे?’ म्हणून विचारतात.

मशीन बंद असताना गाव अर्थातच चालत नसतं. सेव्हमध्ये शेवटची वेळ लिहिलेली असते. लोड करताना गेम घड्याळ बघतो, फरक काढतो, आणि तेवढ्या दिवसांचा हिशोब एका झटक्यात उरकतो: इतके दिवस झाले, तर इतकं तण. सेकंदासेकंदाचं सिम्युलेशन करायचं नाही, एकदम जाडसर पायरीने पुढे जायचं. म्हणजे इथं लोड करणं हेही एक छोटं सिम्युलेशन आहे, वेगळ्या, ढोबळ नियमांचं. दोन्ही नियम एकमेकांशी जुळतात की नाही हे बघणं बनवणाऱ्याचं काम.

शेवटची वेळ लिहिलेली असल्यामुळे फसवणूकही कळते. २०२० च्या न्यू होरायझन्समध्ये रविवारी सलगम विकत घ्यायचे आणि आठवड्यात भाव बघून विकायचे असतात. कन्सोलचं घड्याळ मागे नेऊन चांगला भाव पुन्हा गाठायला गेलात तर सलगम सडतात. त्या भावांची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. गेमचा कोड उकलणाऱ्यांनी दाखवलं की आठवड्याच्या भावाचे चार नमुने आहेत आणि पुढचा नमुना कोणत्या शक्यतेने येईल हे फक्त चालू आठवड्याच्या नमुन्यावर अवलंबून आहे. म्हणजे मार्कोव्ह साखळी. वर्षभराच्या भावांची नोंद ठेवायची गरज नाही, मागचा एक नमुना लिहिला की झालं. अवस्था म्हणजे काय याचं याहून सोपं उदाहरण मला पुस्तकांत सापडलेलं नाही.

आणि तो रिसेटी? तुम्ही सेव्ह न करता मशीन बंद केलंत हे त्याला कळतं कसं? बंद होण्याच्या क्षणी तर गेम काही लिहू शकत नाही. युक्ती सोपी आहे. खेळ सुरू होतानाच फाइलमध्ये ‘खेळ चालू आहे’ अशी खूण करायची आणि रीतसर सेव्ह झाल्यावर ती पुसायची. पुढच्या वेळी खूण तशीच दिसली, तर मागचा खेळ अर्धवट तुटला होता. पेन ड्राइव्ह ‘इजेक्ट’ न करता काढला की संगणक पुढच्या वेळी कुरकुर करतो, त्यामागेही अशीच खूण असते. न्यू होरायझन्समध्ये गेम आपणहून सेव्ह करत राहतो, त्यामुळे बिचाऱ्या रिसेटीला बचावकार्याच्या दुसऱ्या नोकरीवर जावं लागलं.

लिहिता लिहिता वीज गेली तर

हा भाग छोटा आहे पण सोडू नका. जुन्या फाइलवरच नवी लिहायला घेतली आणि मध्येच वीज गेली, तर जुनीही गेली आणि नवीही. म्हणून स्टारड्यू आधी तात्पुरत्या नावाने पूर्ण फाइल लिहितो, मग नाव बदलून तिला मूळ जागी आणतो, आणि आदल्या दिवसाची प्रत ‘ओल्ड’ नावाने ठेवतो. ग्रोमॅक्सही हेच करतं: दर १५ मिनिटांनी चेकपॉइंट, आणि त्याच्या आधीचा ‘प्रीव्ह’ नावाने शिल्लक. सिम्स ४ पाच जुन्या प्रती ठेवतो. एक प्रत पुरत नाही, कारण समाधीच्या गोष्टीसारखा बिघाड उशिरा लक्षात येतो आणि तोवर शेवटची प्रतही बिघडलेलीच असते.

तुमच्या चेकपॉइंटची परीक्षा

तुमचा स्वतःचा कोड असेल तर एक चाचणी या आठवड्यातच करून बघा. सिम्युलेशन न थांबवता १००० पावलं चालवा आणि शेवटचे आकडे ठेवा. मग ५०० पावलं चालवा, सेव्ह करा, प्रोग्राम पूर्ण बंद करा, नव्याने सुरू करून लोड करा आणि उरलेली ५०० चालवा. दोन्ही निकालांची वजाबाकी करा. प्रोग्राम पूर्ण बंद करणं महत्त्वाचं. तसाच चालू ठेवून लोड केलंत तर फाइलमध्ये न गेलेल्या गोष्टी मेमरीतच सापडतील आणि चाचणी उगाच पास होईल.

फरक शून्य आला तर उत्तम. शून्य आला नाही, तर तो ५०१ व्या पावलालाच दिसतो की हळूहळू वाढत जातो ते बघा. पहिल्याच पावलाला मोठी उडी असेल तर एखादी चल फाइलमध्ये गेलेलीच नाही. न्यूरल नेटवर्क शिकवणाऱ्यांकडे ही चल बहुधा ऑप्टिमायझरची असते: मॉडेलचे वेट्स सेव्ह केले, पण ॲडम जी सरासरी आत बाळगत असतो ती राहिली. मग लोड केल्यावर लॉसचा आलेख अचानक उसळतो. फरक रँडमवर अवलंबून असलेल्या भागातच असेल तर साखळीची अवस्था तपासा. आणि आधी दहाव्या-बाराव्या दशांशाला असून मग वाढत गेला, तर फाइलमध्ये आकडे किती अंकांनी लिहिताय ते बघा, लॉरेन्झच्या कागदासारखं.

एक सवलत द्यावी लागते. अनेक प्रोसेसरवर चालणाऱ्या कोडमध्ये बेरजा दर वेळी त्याच क्रमाने होत नाहीत, आणि संगणकातल्या दशांश आकड्यांची बेरीज क्रम बदलला की शेवटच्या अंकात बदलू शकते. तिथं सगळं बरोबर असूनही वजाबाकी शून्य येणार नाही. ग्रोमॅक्समध्ये क्रम पक्का ठेवायचा वेगळा पर्याय आहे. वेग कमी होतो, पण चाचणीपुरता तो चालू करता येतो. तुमच्या कोडमध्ये तशी सोय नसेल तर चाचणी एकाच प्रोसेसरवर करा, आणि मोठ्या रनसाठी एकेका कणाचं स्थान न जुळवता एकूण ऊर्जा आणि सरासरी तापमान रीस्टार्टच्या आधी आणि नंतर सारखं वागतंय का ते बघा. रीस्टार्टच्या जागी आलेखावर एक उभी रेघ मारून ठेवा. उडी असेल तर ती तिथंच दिसते.